सावकाशराव निघाले म्हणे

आमच्या गावात थंडी सरली हे झाडांच्या आधी सलूनला कळतं. चार महिने माणसं टोप्या आणि मफलरखाली केस वाढवत बसतात, कारण मान उघडी पडली की गार वारा थेट पाठीत उतरतो. मग एका दिवशी दुपारी ऊन जरा चटका देतं. माणूस चालता चालता टोपी काढतो, डोक्यावरून हात फिरवतो, आपल्याच डोक्याचं नवल करतो आणि तसाच वळून बसस्टँडमागच्या गल्लीत शिरतो. त्या आठवड्यात सलूनच्या जमिनीवर केसांचा असा थर साचतो की पाऊल टाकलं तर आवाज येत नाही.

ते सलून सावकाशरावांचं. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीचा रंग उन्हाने उडाला आणि गावाला नाव काही आठवेना. सावकाश हा त्यांच्या तोंडचा शब्द. खुर्चीत कोणी चुळबुळ केली की "सावकाश." कोणी घाई केली की "सावकाश." चहाचा कप पुढे करताना "सावकाश, पोळेल." एकदा वस्तऱ्याने स्वतःचंच बोट कापलं तेव्हा ते बोटालाही "सावकाश" म्हणाले होते. तेव्हापासून मोठी माणसं त्यांना सावकाशराव म्हणू लागली आणि माझ्या शाळेतली पोरं सावकाशकाका.

मी प्राथमिक शाळेत शिक्षक. महिन्यातून एकदा केस आणि दर शनिवारी दाढी त्यांच्याकडेच. दुकानात एकच खुर्ची, लोखंडी, खाली दांडा ओढला की कुरकुरत वर चढणारी. समोर चार जाड स्क्रूंनी भिंतीत बसवलेला आरसा, बाजूला एक बाक, आणि एकच स्टेशन लागणारा रेडिओ. गावातली प्रत्येक बातमी त्या खुर्चीवरून जायची. कोणाचं जमलं, कोणाचं फिसकटलं, कोणाच्या पोटात दुखतंय, सगळं सावकाशरावांना ठाऊक. पण त्यांच्या तोंडून बाहेर काही पडायचं नाही. "कानावर पडलेलं केसांबरोबर झाडून टाकायचं," असं ते म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी ते पाळलं.

म्हणूनच पुढच्या प्रकाराने ते इतके चक्रावून गेले. पहिल्यांदाच गावात अशी एक बातमी फिरत होती जी सगळ्यांना माहीत होती आणि त्यांना नव्हती, आणि ती त्यांचीच होती.

त्या वर्षी ऐन थंडीत सावकाशराव छातीच्या दुखण्याने आडवे झाले. नऊ दिवस दुकान बंद. चौतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. दहाव्या दिवशी खोकत खोकत का होईना, त्यांनी दार उघडलं. गालाची हाडं वर आली होती, पण हात चालत होता. थंडी संपेपर्यंत गिऱ्हाईक तसंही बेताचंच असतं.

मग तो चटका देणारा दिवस उजाडला. पहिले आले पोस्टमन. खुर्चीत बसले, गळ्याभोवती कापड बांधून घेतलं आणि आरशातून म्हणाले, "मग? निघायचं कधी?"

सावकाशरावांना वाटलं, पोस्टमन घाईत आहेत. "दहा मिनिटांत मोकळं करतो तुम्हाला."

"माझं नाही हो. तुमचं विचारतोय."

"माझं? सात वाजता. रोजच्यासारखं."

पोस्टमन गालातल्या गालात हसले. "बरं बरं. सांगायचं नसेल तर राहू द्या. पण नवा पत्ता तेवढा लिहून ठेवा. तुमची पत्रं तिकडे वळवायला मला पत्ता नको का?"

"कुठे वळवायला?"

"घ्या! आता हेही मीच सांगू?"

दुपारी किराणा दुकानदार आले आणि म्हणाले, "चांगले बारीक करा. दोन महिने पुरले पाहिजेत. तोवर दुसरं कोणीतरी सापडेलच." त्यांच्या पाठोपाठ ट्रकवाला आला. त्याने केस कापायच्या आधी खुर्चीभोवती एक फेरी मारली, वाकून तिचे पाय पाहिले आणि म्हणाला, "काका, ही न्यायची की इथेच सोडायची? न्यायची असेल तर आधी सांगा. चार माणसं लागतील. सोमवारी माझी गाडी रिकामीच जाते."

दुसऱ्या दिवशी तर आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका दारात उभ्या राहिल्या. त्या उभ्या हयातीत त्या दुकानाची पायरी चढल्या नव्हत्या. त्यांनी कागदात गुंडाळलेला एक मफलर सावकाशरावांच्या हातात ठेवला. "घाईघाईत विणलाय, टाके मोजू नका," त्या म्हणाल्या. "समुद्रावरचं वारं वाईट असतं. तुमच्या छातीला सोसायचं नाही."

"बाई, मी कुठल्या समुद्रावर चाललोय?"

"माझ्यापासून लपवता? तुमच्या मुलीला मी बाराखडी शिकवलीय." आणि त्या डोळे टिपत निघून गेल्या. सावकाशराव एका हातात कात्री आणि दुसऱ्या हातात मफलर घेऊन दारात उभे.

ते काही गप्प बसले नाहीत. येईल त्याला ते सांगत होते की बाबांनो, मी कुठेही जात नाही. पण जितकं सांगत तितका लोकांचा विश्वास घट्ट होत होता. "जाणारा माणूस असंच म्हणतो," किराणावाले बाकावरच्या मंडळींना म्हणाले. "त्याला रडारड नको असते." बाकावर आता जागा मिळेना. ज्यांनी आठच दिवसांपूर्वी केस कापले होते तेही परत आले. त्यांच्या हातचे शेवटचे कापून घ्यावेत म्हणून. डोक्यावर मोजून अकरा केस उरलेले एक आजोबा आले आणि म्हणाले, "थोडे थोडे सगळीकडून." सावकाशरावांनी त्या अकरा केसांवर वीस मिनिटं कात्री चालवली, कारण नाही म्हणवेना.

हे सगळं त्यांनी मला नंतर, बरेच शनिवार मिळून, तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. ते म्हणाले, "गुरुजी, पहिले दोन दिवस मला हसू येत होतं. तिसऱ्या दिवशी राग आला. चौथ्या दिवशी मला वाटायला लागलं, सगळं गाव कसं चुकेल? चुकत असेन तर मीच." आपण तापात काही बरळलो असू, अशी शंका त्यांना आली. नऊ दिवसांतले निदान चार त्यांना आठवतच नव्हते. त्या चार दिवसांत आपण कोणाला काही कबूल तर केलं नाही? पाचव्या दिवशी दुकान झाडताना ते आरशासमोर उभे राहिले आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण स्वतःचा चेहरा बघत नाही आहोत, ते चार स्क्रू बघतोय. हे कोणत्या पेचकसाने निघतील, असा हिशेब मनात चालू होता. 

घरी जावं तर घरातही काहीतरी वेगळं होतं. ते काय, हे त्यांना लवकर उमगेना. थंडीच्या शेवटी त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, खिडकीत जुन्या पत्र्याच्या डब्यांची रांग मांडायच्या आणि त्यांत भाज्यांचं आणि फुलांचं बी टाकायच्या. हवा उबदार झाली की ती रोपं अंगणात जायची. यंदा डबे होते, माती होती, पण माती कोरडी. सावकाशरावांनी बोट घालून पाहिलं. आत काहीच नव्हतं.

त्या मंगळवारी त्यांनी दुपारीच दुकान बंद केलं आणि बातमीच्या मागावर निघाले. आधी किराणा दुकान. "तुम्हाला कोणी सांगितलं?" किराणावाले म्हणाले, औषधाच्या दुकानात ऐकलं. औषधवाल्याकडे गेले. तो चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "अहो, चांगलंच झालं की. किती दिवस रेटणार? हात थरथरायला लागल्यावर माणसाने आपण होऊन थांबावं."

"कोणाचा हात थरथरतो?"

औषधवाला गोंधळला. "तसं ऐकलं. म्हणजे कोणाच्या तरी कानामागे लागलं म्हणे."

सावकाशरावांनी दोन्ही हात काउंटरच्या काचेवर पालथे ठेवले. दोघेही त्या हातांकडे बघत राहिले. हात हलत नव्हते. पण पंज्यांखाली काच मात्र किंचित वाजत होती, आणि ती बाहेरून जाणाऱ्या ट्रॅक्टरमुळे वाजत होती की कशामुळे, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

इथे मला एक कबुली द्यायला हवी. तो कान माझाच. दुखण्यातून उठल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी त्यांचा वस्तरा माझ्या डाव्या कानामागे जरासा लागला होता. त्यांनी लगेच तुरटी लावली, मीही "काही नाही, काही नाही" म्हणालो. ते मी फक्त घरी बायकोला सांगितलं. फक्त बायकोला. तिने कोणाला सांगितलं हे मी विचारलं नाही, आणि आता विचारण्यात अर्थही नाही.

औषधवाल्याने बोट दाखवलं पिठाच्या गिरणीकडे. गिरणीवाली बाई भुवयांपर्यंत पिठाने पांढरी झालेली, पट्ट्याच्या आवाजात ओरडूनच बोलणारी. सावकाशरावांनी विचारलं, तिला ऐकू गेलं नाही. परत विचारलं. तिने गिरणी बंद केली, आणि त्या अचानक शांततेत ती पूर्वीच्याच आवाजात ओरडली, "अहो, वहिनींनीच तर सांगितलं! इथे, या बाकावर बसून!"

दळण घेऊन बसलेल्या चार बायका एकदम आपापल्या डब्यांकडे बघायला लागल्या.

"काय सांगितलं?"

गिरणीवालीने आवाज खाली आणला. "हेच. थंडी संपली की लेकीकडे जायचं कायमचं. समुद्र दिसणारी गच्ची आहे, खोली वेगळी आहे, जावईच मागे लागलेत. तुम्हाला माहीत नाही होय?"

"आहे, आहे," सावकाशराव म्हणाले. का म्हणाले ते त्यांनाही कळलं नाही. चौतीस वर्षांत बायकोला चारचौघांत खोटं पाडायची वेळ आली नव्हती, आणि ते कसं करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं.

ते घरी आले. दार उघडं, खोलीच्या मधोमध ट्रंक उघडी, आणि पलंगभर कपडे. काकू एकेक घडी करून ट्रंकेत ठेवत होत्या. सावकाशरावांना वाटलं, म्हणजे खरंच निघालो की काय आपण?

"हे काय चाललंय?"

"लोकरीचे कपडे ठेवतेय. डांबरगोळ्या कुठे ठेवल्यात तुम्ही?"

ते पलंगाच्या कडेवर बसले. डांबरगोळ्यांचा डबा त्यांच्याच मागे होता, तो त्यांनी दिला. मग म्हणाले, "अगं, मी गिरणीवर गेलो होतो."

काकूंचे हात थांबले. बराच वेळ त्यांनी एका स्वेटरची बाही सरळ केली, जी आधीच सरळ होती.

"मी म्हणाले ते," त्या शेवटी म्हणाल्या. "तुम्ही तापात पडला होतात. मी दळण आणायला गेले. जो तो विचारतोय, आता कसं होणार, दुकानाचं काय, पुढे काय. मला काय माहीत पुढे काय! त्यांना गप्प करायला म्हणून तोंडातून निघून गेलं, की थंडी संपल्यावर लेकीकडे जाणार आहोत. तेवढंच."

"आणि समुद्र?"

"तो नंतर."

"लेकीच्या घरातून समुद्र दिसत नाही. तिच्या घरातून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो."

"माहीत आहे मला." काकू ट्रंकेच्या काठावर टेकल्या. "पण मी ते बोलले ना, तर सगळ्या बायका गोळा झाल्या. कोणी हात हातात घेतला. कोणी म्हणाली, नशीब काढलंत. मला इतकी वर्षं लोक विचारतात ते तुमच्याबद्दल. दुकान उघडलंय का, आहेत का, कधी येतील. त्या दिवशी मला माझं विचारलं. मग पुढच्या खेपेला त्यांनी गच्चीचं विचारलं, म्हणून गच्ची सांगितली. मग ती खोटी वाटेना. बी पेरायला डबे काढले आणि मग म्हटलं, जाणार म्हणून गावभर सांगतेय आणि इथे पेरतेय काय?"

सावकाशरावांना यावर रागवायचं होतं. ते मला नंतर म्हणाले, राग शोधला पण मिळाला नाही. त्यांनी विचारलं, "मग तुला जायचंय का?"

"गिरणीवर बसले की जायचं असतं. घरी आले की नसतं." काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "आणि तुम्हाला?"

आठ दिवस ते साऱ्या गावाला ठणकावून सांगत होते, मी जाणार नाही. पण कोणी त्यांना जायचंय का, असं विचारलं नव्हतं. आता विचारल्यावर उत्तर सापडेना.

गुरुवारी संध्याकाळी ते शाळेत माझ्याकडे आले. रविवारी शाळेच्या हॉलमध्ये त्यांच्या निरोपाचा कार्यक्रम ठरला होता आणि तो ठरवण्यात मीच पुढे होतो. पोरांनी कागदावर कात्र्या आणि कंगवे काढून रंगवले होते. सावकाशराव दारातच म्हणाले, "गुरुजी, रविवारचं रद्द करा."

"का हो?"

"कारण असं आहे की..." ते थांबले. भिंतीवरच्या रंगीत कात्र्यांकडे त्यांनी पाहिलं. खरं सांगावं तर काकू खोट्या पडणार. न सांगावं तर स्वतः. "नाही, राहू द्या. काही नाही. चालू द्या."

ते गेले. मला वाटलं, माणूस गहिवरलाय. मी शिपायाला आणखी दोन बाकं आणायला सांगितलं.

रविवारी सकाळी हॉल भरला. पहिली-दुसरीच्या मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. खिडक्या सगळ्या उघड्या, बाहेर झाडांना नुकती पालवी फुटलेली, आणि आत एका रांगेत ताज्या कापलेल्या माना. पोस्टमन बोलले. ट्रकवाल्याने चाकांची मोठी बॅग आणून पुढे ठेवली, सगळ्यांनी मिळून घेतलेली. मग सावकाशरावांना बोलायला उभं केलं.

ते उभे राहिले. काकू पहिल्या रांगेत होत्या, ठेवणीतली साडी नेसून, हात मांडीवर घट्ट धरून. आता हा माणूस काय बोलणार, हे त्यांनाही माहीत नव्हतं. सावकाशरावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे.

"सावकाश," ते म्हणाले. हॉल हसला. मग त्यांनी हात जोडले. "येतो आम्ही."

बस. एवढंच. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मुख्याध्यापिकाबाई रडल्या. निघताना आपण सगळेच येतो म्हणतो, जातो कोणी म्हणत नाही. आम्ही त्याचा अर्थ घ्यायचा तो घेतला. सावकाशराव मला पुढे म्हणाले की त्यांनी अक्षरशः तेच म्हटलं होतं, येतो म्हणजे परत येतो. पण म्हणताना तेही त्यांना पक्कं नव्हतं.

आता एवढ्या गावाने निरोप दिल्यावर न जाणं अवघड. सोमवारी सकाळच्या बसने दोघं निघाले. लेकीला फोन केला होता तो फक्त "येतोय" एवढा. तिने दार उघडलं, आईला पाहिलं, वडिलांना पाहिलं, मग ती भलीमोठी बॅग पाहिली. "आई? काय झालंय? कोणाला काय झालंय?"

"काही नाही. बाबांना हवापालट."

लेकीचं घर दीड खोलीचं. जावई छापखान्यात रात्रपाळीला, म्हणजे दिवसभर झोपलेले. दिवसभर सगळे कुजबुजत बोलायचे आणि कुकरची शिट्टी व्हायच्या आधी गॅस बंद करायचे. सावकाशरावांना करायला काही नव्हतं. ते खाली जाऊन रस्त्याच्या कडेला बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या मानेमागचे केस बघत. कोणाचं कुठे वर-खाली झालंय ते त्यांना दिसत राही आणि हाताची बोटं आपोआप हलत. बाराव्या दिवशी ते म्हणाले, "निघू या?" काकू "बरं" म्हणाल्या. दोघं स्टँडवर आले. बस लागली. सावकाशराव पायरीवर चढले, मागे वळले, तर काकू खालीच.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या. "मी राहते थोडे दिवस."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही व्हा पुढे."

"अगं, पण का?"

काकूंनी जरा विचार केला. "खरंच केला," सावकाशराव मला नंतर म्हणाले, "कारण शोधत होती." "नाही सांगता येत," त्या म्हणाल्या.

"काका, आत येताय की बाहेर?" कंडक्टर ओरडला. ते आत गेले. बॅग दोघांची एकच होती आणि ती त्यांच्याबरोबर परत आली, काकूंच्या साड्यांसकट.

गावाचा जो गोंधळ उडाला तो काय सांगू. पोस्टमनने दहा दिवस त्यांची पत्रं नव्या पत्त्यावर धाडली होती. किराणावाले शेजारच्या गावात जाऊन केस कापून आले होते आणि कानावर टोपी ओढून हिंडत होते. सावकाशरावांनी दुकान उघडलं तेव्हा गल्लीत दहा माणसं जमली.

"वहिनी कुठायत?"

"तिकडे."

"आणि तुम्ही?"

"इकडे."

"म्हणजे भांडण?"

"नाही."

"मग?"

"माहीत नाही हो."

यावर कोणाचा विश्वास बसेना. पण ते खरंच तेवढंच सांगू शकत होते. काकू दर रविवारी लेकीच्या फोनवरून बोलत. जेवलात का, खोकला कसाय, गॅसचा नॉब नीट बंद करता ना. कधी येतेस, हे सावकाशरावांच्या ओठांवर येई आणि तिथेच राही. विचारलं आणि उत्तर आलं तर, असं त्यांना वाटे. संध्याकाळी ते भाजी करपवत, करपलेली खात, आणि अंगणात उभे राहत. बाहेर हवा अशी की दार लावू नये. शेजाऱ्यांची रोपं वीतभर झाली होती. त्यांच्या अंगणात आपसूक उगवलेलं कसलंतरी तण होतं आणि ते उपटावं की वाढू द्यावं, हे काकूंना विचारायचं राहून गेलं होतं.

असे चार रविवार गेले. पाचव्या रविवारच्या आदल्या दिवशी मी खुर्चीत होतो. उजवा गाल झाला होता, डाव्या गालावर नुसता साबणाचा फेस. तेवढ्यात पोस्टमन सायकलवरून जाता जाता दारात एक पाय टेकून म्हणाले, "अहो, वहिनी उतरल्यात स्टँडवर! सामान आहे बरोबर!"

सावकाशरावांचा वस्तरा हवेतच राहिला.

"जा," मी म्हणालो.

"पण हे अर्धं..."

"अहो, जा!"

त्यांनी वस्तरा मिटला, उघडला, परत मिटला. दोन पावलं गेले, परत आले, माझ्या गालावर ब्रश फिरवून ताजा फेस चढवला, वाळू नये म्हणून, आणि अंगावरच्या ॲप्रनसकट धावत सुटले. त्यांना धावताना मी पहिल्यांदा पाहिलं. मी आरशात बसलो होतो, अर्धा माणूस आणि अर्धा फेस.

दहा मिनिटांनी दोघं आले. काकूंच्या हातात कापडी पिशवी होती. उन्हाने चेहरा रापला होता, आणि त्या घरी न जाता सरळ दुकानात शिरल्या. गिऱ्हाइकं बसतात त्या बाकावर बसल्या. चौतीस वर्षांत त्या तिथे कधी बसल्या नव्हत्या, हे मला सावकाशरावांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"ह्यांचं उरका आधी," त्या म्हणाल्या. "मी बसते."

सावकाशराव फेस पुसून नवा लावायला लागले. शेवटी न राहवून मीच आरशातून विचारलं, "काकू, करमलं का तिकडे?"

"न करमायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "मी सायकल शिकले."

माझ्या गालावरचा ब्रश थांबला.

"लेकीच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहतात, माझ्याच वयाच्या. त्यांची सायकल. लाकडाच्या वखारीमागे मोकळं मैदान आहे. हे गेल्यावर रोज सकाळी आम्ही दोघी जायचो. पहिले आठ दिवस त्या मागून धरायच्या. नवव्या दिवशी सोडलं त्यांनी आणि मला सांगितलंच नाही." काकूंनी कोपर वर करून दाखवलं. तिथे बऱ्या झालेल्या खरचटीची तपकिरी खूण होती. "हे नंतरचं. वळताना."

मी सावकाशरावांकडे पाहिलं. चौतीस वर्षं गावाच्या गोष्टी ऐकून घेणारा तो माणूस, पण आपल्या बायकोची गोष्ट तो एका गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभा राहून ऐकत होता, आणि ती सांगतही होती मलाच. चेहऱ्यावर आनंद होता म्हणावं तर होता, भीती म्हणावी तर तीही. ही बाई आपल्याला पूर्वीपासून माहीत आहे का, असा काहीतरी विचार चालू असावा.

"कोणी पाहिलं नाही तुला?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांनी पाहिलं."

"आणि हसले नाहीत?"

"हसले की. मीही हसले."

सावकाशरावांनी वस्तरा उघडला, चामड्याच्या पट्ट्यावर दोनदा ओढला. डाव्या हाताने माझी मान किंचित कलती केली. पातं गालाला टेकलं, आणि ते काकूंकडे न बघता, आरशात माझ्या गालावरच नजर ठेवून म्हणाले, "मग? वळताना काय झालं?"